नंदाबाईचं धान आणि माझा उतार

दोन वर्षांपूर्वी मी विहिरीच्या काठावरून पडले आणि दोन्ही पायांतलं बळ गेलं. तेव्हापासून माझा संडास आमच्या ह्यांच्या हातात होता. हे म्हणजे बकाराम. बोलताना मी नाव घेत नाही, लिहिताना चालतं. उचलून न्यायला दुसरं कोणी नाही, म्हणून हे शेतातून येईपर्यंत मी पोट आवळून बसायचे. आधी चहा सोडला, मग पाणी. गावात बायका म्हणायच्या, वच्छला उपास फार करते.

यंदा ग्रामपंचायतीच्या दिव्यांग निधीतून चाकाची खुर्ची मिळाली. परसातल्या संडासाला रुंद दार झालं, आत धरायला दांडी बसली, आणि ओट्यापासून तिथपर्यंत सिमेंटचा उतार मंजूर झाला. दुलीचंद मिस्त्रीने दोन फूट उंच ओट्याला चोवीस फूट लांब उतार काढला.

"येवढा लंबा काऊन जी?" हे त्याला म्हणाले. "बैलबंडी चढवाची हाये का?"

उतार पक्का झाला त्याच आठवड्यात गावात धानाची मळणी सुरू झाली. आमच्याकडे रिकामं सिमेंट दिसलं की त्यावर धान वाळत पडलंच समजा. शेजारच्या नंदाबाईने ह्यांना विचारलं आणि ह्यांनी मान हलवली. ह्यांची मान नकारासाठी हलतच नाही. दुसऱ्या दिवशी वरपासून खालपर्यंत नंदाबाईचं धान, आणि मी नव्या खुर्चीत बसून कोंबड्या हाकत होते.

"मंग माहं कसं?" मी विचारलं.

"मी येतो ना दुपारी," हे म्हणाले.

चौथ्या दिवशी अकरा वाजताच पोटात कळ आली. हे शेतात, दुपार अजून लांब. धानात चप्पल घालून कोणी जात नाही, लक्ष्मी आहे ती. मी चपला काढल्या, हात जोडले, पण चाकं कुठं काढून ठेवणार? शेवटी म्हटलं, लक्ष्मीलाही पोट असेलच, आणि खुर्ची पुढे लोटली.

एकटीने उतरायची पहिलीच वेळ. सुसाट जाऊन भिंतीवर आपटेन असं वाटत होतं, पण धानानेच चाकं धरली. करकर करत खुर्ची म्हाताऱ्या बैलासारखी सावकाश उतरली. आत गेले, दांडी धरून सरकले आणि आतून कडी लावली. दोन वर्षांत पहिल्यांदा कडी लावली. इतकं बरं वाटलं की काम झाल्यावरही दहा मिनिटं उगाच बसून राहिले.

परत चढताना मात्र निम्म्यात अडकले. तेवढ्यात नंदाबाई आली.

"माह्या धानात कोनं नांगर चालवला?"

"मीनं."

"आन् गेल्ती कोठी?"

मी संडासाकडे बोट केलं. नंदाबाईने एकदा चाकांकडे पाहिलं, एकदा धानाकडे.

"तेच चाक घेऊन येऊन राहिली? वच्छला, खायाचं धान हाये ते."

"चाकं काढता आले असते त काढून ठेवले असते. उतार मले जाच्यासाठी बांधला नंदाबाई, तुमच्या धानावरच्या कोंबड्या हाकलासाठी नाई."

ती मागे जाऊन खुर्ची ढकलायला लागली.

"हात नका लावू," मी म्हणाले.

मग तिने खराटा आणि पोतं आणलं आणि पुटपुटत माझ्यापुढचं धान लोटून पोत्यात भरत गेली. ती हातभर झाडायची, मी हातभर चढायचे. वर पोचेपर्यंत माझं लुगडं घामाने भिजलं होतं आणि तिचं अर्धं धान पोत्यात गेलं होतं. उरलेल्या धानावर तिचा जीव होताच.

"बरं, रोज कितीक वाजता जाशील तेवढं सांगून ठेव," ती म्हणाली. "त्या टाइमले मी सरकवून देत जाईन."

"माहा आता टाइम नाई," मी म्हणाले. "लागन तवा जाईन."