पाप फेडणारी विहीर

"निळं म्हंजे पाप! निळं उडालं, पाप उडालं!" लाउडस्पीकरवर भिमाजीमहाराज गरजले आणि विहिरीभोवतीच्या शेदोनशे माणसांनी हात जोडले.

देवळ्याकडच्या त्या वाडीत प्रत्येकानं विहिरीच्या पाण्याची बाटली भरून आणली होती. महाराज तीत निळ्या औषधाचे थेंब टाकत, बूच घट्ट लावत आणि बाटली कोमट पाण्याच्या घंगाळात ठेवत. दुपारपर्यंत भजन चाले, तोवर रंग उडून जाई. ज्याची बाटली पहिली निवळे तो सर्वांत पुण्यवान. त्यानं तेच पाणी घरच्या आजाऱ्याला पाजायचं.

मी नाशिकच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासते. विहिरीच्या वरच्या अंगाला भारतशेठचा दोनशे गाईंचा गोठा आहे, त्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायला आले होते. शेण, मूत, सांडलेलं दूध, सगळं धुऊन ओहोळात जातं आणि ओहोळ विहिरीत झिरपतो. भजनाचा मांडव भारतशेठनंच घातला होता. पाणी एकदा पवित्र ठरलं की तपासा म्हणायची हिंमत कोण करणार? आणि महाराज? दोन वर्षांपूर्वी ते गावच्याच डेअरीत दूध तपासत होते. दुधात पाणी घालताना सापडले, घरी बसले, येताना निळ्या औषधाची बाटली तेवढी घेऊन आले.

त्या दिवशी चतुराबाईची बाटली पहिली निवळली. गुडघे धरलेले, म्हणून म्हातारीनं लांब न जाता ओहोळ झिरपतो त्या जवळच्या कडेलाच ती भरली होती. मांडीवर चार वर्षांची नात राखी, तीन दिवसांच्या जुलाबानं निपचित.

"पाज आजी! डॉक्टरची पुडी फेकून दे!"

"कालच फेकली महाराज," म्हातारी अभिमानानं म्हणाली आणि तिनं पोरीच्या तोंडाला बाटली लावली.

माझं डोकं सणकलं. मी पुढे झाले. सकाळीच मी तीन बाटल्यांत माझ्या पेटीतलं तेच औषध टाकून त्याच घंगाळात ठेवल्या होत्या. ओहोळाची केव्हाच निवळली होती, विहिरीची नुकतीच. शाळेच्या हापशाची अजून निळीशार होती.

"हापसा पापी आणि गोठ्याचं गटार पुण्यवान का?" मी विचारलं. पुढे बसलेल्या, वाडीतल्याच संतोषकडे वळले. "तू दूध घालतोस ना? डेअरीत निळं झटकन उडालं तर काय करतात?"

"दूध परत करत्यात. लय जंतू हायेत म्हणत्यात." बोलता बोलता तो घंगाळातल्या आपल्या बाटलीकडे बघू लागला.

"तेच हे! जंतू पाण्यातली हवा संपवतात, मग रंग जातो. घाण जितकी जास्त तितका लवकर." मी विहिरीची बाटली उघडली, थोडं पाणी ओतून दिलं, बूच लावून खळखळून हलवली. पाणी पुन्हा निळं झालं. "हवा मिळाली, पाप परत आलं!"

"बाईच्या हाताचा विटाळ हाय!" महाराज किंचाळले.

चतुराबाईनं पोरीच्या तोंडची बाटली बाजूला केली. "बाई, मंग म्या पोरीला काय पाजलं?"

"गोठ्याचं धुवण, आजी."

राखीला प्रयोगशाळेच्या गाडीत घातलं. दवाखाना यायच्या आधीच तिनं आजीच्या मांडीवर प्राण सोडला. आणि गाव काय म्हणालं? बाईनं बाटली हलवली, पाप परत आलं, म्हणून पोर गेली. मांडव अजून उभा आहे. मला त्या गावाची कीव येत नाही, संताप येतो.

महिन्यानं चतुराबाई एकटी एसटीनं नाशिकला आली. द्वारका चौकात उतरून विचारत विचारत प्रयोगशाळेत पोचली. पिशवीतून घरच्या माठातल्या पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"घरात धाकटी नात हाय. हे तिला पाजू का नको, तेवढं सांग. गावात कोनाला इचारनार नाय आता."

देव माना, नका मानू, तुमची मर्जी. पण पाणी तपासून प्या, आणि पोराला जुलाब लागले तर दवाखान्यात न्या. चतुराबाई एक नात जाळून माझ्याकडे आली. तुम्ही त्याआधी या.