कोंडाजींची रुसलेली गाडी

मोरिवलीत कोंडाजींच्या मोटरसायकलला 'बंद पडलेली' म्हणायची सोय नव्हती. ती रुसली होती. त्यांची नात तेजस्वी दुसरीत होती तेव्हा जी रुसली, ती तेजस्वी शाळा-कॉलेज संपवून आनंदनगरच्या एका कंपनीत लॅबला लागली तरी रुसलेलीच. लग्नघरातली रुसलेली आत्यासुद्धा पंगत बसेपर्यंत विरघळते. ही बया ओट्याच्या कडेला ताडपत्री पांघरून उभी ती उभीच.

यंदा मात्र तेजस्वीच्या पप्पांनी, कैलासनं, चारचाकी बुक केली आणि ओट्याशेजारची जागा एकाएकी मोलाची झाली.

"दसऱ्याला नवी गाडी दारात येतेय," त्यानं जेवताना जाहीर केलं. "तोपर्यंत ती जुनी चालू झाली तर ठेवू. नाही तर त्याच दिवशी भंगारवाला टेम्पो घेऊन येईल. बोलून ठेवलंय त्याला."

कोंडाजी खाली मान घालून भात कालवत राहिले. बोलली तेजस्वी. "मी चालू करते."

सगळे हसले. हसायला कारणही होतं, कारण घट्ट बसलेलं मिक्सरचं झाकण ती अजून आईकडून उघडून घ्यायची. पण तिला खरंच ती गाडी हवी होती. लहानपणी टाकीवर बसून ती आजोबांबरोबर चिखलोलीच्या माळावर हिंडली होती. "मोठी झालीस का तुला शिकवतंय," असं ते म्हणाले होते आणि ते शिकवणं राहून गेलं होतं. आता आजोबा ओट्यावरून फाटकापर्यंतही क्वचित जायचे. गाडी भंगारात गेली तर त्यांच्यातलंही काहीतरी तिच्याबरोबर जाईल, ही भीती तिच्या मनात घट्ट बसली होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती.

गाडी रुसली कशी, ते गावाला तोंडपाठ होतं. कोंडाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण हा माणूस गाडीवरून उतरायला तयार नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की गाडीला किक मारून पसार. त्या वर्षी ते एका हळदीच्या मांडवात सरळ आत शिरले. बायका दोन्ही बाजूंना उधळल्या, नवरदेव पाटावरून उठून पळाला आणि गाडी आचाऱ्यांच्या चुलाणापुढे थांबली. हँडलला आंब्याचे डहाळे लटकलेले. कोंडाजी खाली उतरले, डहाळे काढले आणि "आलोच हाय तर जेवूनच जातंय," म्हणून पंगतीला बसले.

कैलासनं समजावलं, डॉक्टर रागावले, पोलीस पाटील घरी येऊन गेले. कशाचा उपयोग झाला नाही. आणि मग दसऱ्याला गाडीची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी चालूच होईना. मेकॅनिकला त्यांनी हात लावू दिला नाही. एका दुपारी स्वतःच काय ते उघडलं, चाचपलं, पुन्हा लावलं, हात पुसले आणि म्हणाले, "रुसली. आता नाय चालायची." पुढे मुकाट्यानं डोळ्यांचं ऑपरेशनही करून घेतलं.

तेजस्वीनं मोबाईलवर व्हिडिओ बघून सुरुवात केली. व्हिडिओतल्या माणसाचे हात स्वच्छ असायचे आणि प्रत्येक नट त्याचं ऐकायचा. तिचा पहिलाच नट पान्याखाली झिजून गोल झाला. टाकी उघडली तर आतल्या पेट्रोलचा काढा झालेला आणि गंजाचे पापुद्रे सुटलेले. कुणीतरी सांगितलं, चिंचेच्या पाण्यानं गंज निघतो. तिनं स्वयंपाकघरातली वर्षाची चिंच कोळून टाकीत ओतली, बारीक खडी घातली आणि टाकी खळाखळा हलवत अंगणभर नाचली. गंज निघाला. आईनं मात्र त्यानंतर आठवडाभर आमटीत टोमॅटो घातला आणि वाढताना प्रत्येक वेळी का घातला तेही सांगितलं.

सुट्या भागांसाठी तिनं उल्हासनगर गाठलं. तिथल्या हरेशभाईंच्या दुकानात छतापासून जमिनीपर्यंत जुन्या गाड्यांचं सामान टांगलेलं होतं. प्लग, वायर, क्लचची केबल काढून देताना हरेशभाई म्हणाले, "देख बेटी, गाडी को तीन चीज लगती है. पेट्रोल, करंट और हवा. तीनों मिला तो बंद रह के दिखाए!"

तेजस्वीला हे फार पटलं. पेट्रोल तिनं ताजं भरलं, ऑइल मिसळून. कार्बोरेटर सुईनं एकेक भोक मोकळं करत साफ केला. प्लग इंजिनला टेकवून किक मारली तर टिच्चून निळी ठिणगी पडली. राहिली हवा. हवा काय, सगळीकडे असतेच, म्हणून तिनं तो विषय सोडून दिला.

डाव्या बाजूला सीटखाली एक डबा होता, कुलूपवाला.

"आजी, ह्याची चावी कुठंय?"

राजाबाई ओट्यावर मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. "हरवली कवाच," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आनि तिकडं काय नाय गो. जुनी फडकी हायत."

"मग कुलूप तोडू का?"

"माझ्या गाडीवं हातोडी चालवायची नाय," आतून कोंडाजी गरजले. एरवी त्यांना तीनदा हाक मारल्याशिवाय ऐकू जात नसे.

रोज संध्याकाळी किकचा कार्यक्रम रंगू लागला. तेजस्वी दमली की गल्ली पुढे यायची. शेजारचा सदू म्हणायचा, "चोक ओढ." त्याचा भाऊ सुयोग म्हणायचा, "चोक ओढलास म्हणूनच तर मरतेय." दोघं भांडायचे, मग दोघंही किक मारायचे आणि लंगडत घरी जायचे. व्हायचं एवढंच की गाडी एकदा खोकायची आणि गप्प बसायची. प्लग काढला की पेट्रोलनं ओलाचिंब.

दसऱ्याला सकाळी नवी चारचाकी दारात आली. जुनीलाही कोंडाजींनी स्वतः धुतलं, झेंडूचा हार घातला. राजाबाईंनी दोन्ही गाड्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, आणि कैलास हात जोडल्याजोडल्या म्हणाला, "चल तेजू, मार किक."

तिनं मारली. पुन्हा मारली. प्लग काढून पुसला, फुंकला, गॅसवर गरम करून आणला, बसवला, मारली. सदू चोकचा च काढणार एवढ्यात सुयोगनं त्याचं तोंड दाबलं. गाडी खोकली आणि गप्प झाली.

मग गल्लीच्या टोकाला टेम्पोचा हॉर्न वाजला.

"जाऊ दे बाळा," कैलास म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त जागा हवी होती. "तू प्रयत्न केलास ना."

तेजस्वी पायरीवर बसली आणि काळ्याकुट्ट हातांत तोंड खुपसून रडायला लागली. मोठ्यानं, लहान पोरीसारखी. एवढ्या मोठ्या मुलीला असं रडताना बघून गल्ली ओशाळली. भंगारवालाही टेम्पोतून उतरला आणि कुठं बघावं ते न कळून हाराकडे बघत राहिला.

राजाबाई नातीजवळ आल्या. मग त्यांनी कमरेचा जुडगा काढला, त्यातली एक बारकी चावी निवडली आणि नातीच्या पुढ्यात धरली.

"रडू नको. नाक चोंदलाय तिचा."

डबा उघडला. आत फडकी नव्हती. जुन्या लुगड्याच्या चिंधीत करकचून बांधलेल्या पुरचुंड्या होत्या, एकावर एक दाबून बसवलेल्या. तेजस्वीनं एक सोडली. आतून आपट्याची पानं निघाली, काळी पडलेली, चुरा झालेली. सगळ्यात वरच्या पुरचुंडीतली पानं हिरवीगार होती, आज सकाळची.

"आजी! हे तू?"

"तुजा आजाच बोलला व्हता, इथून ती सास घेतं," राजाबाई म्हणाल्या. नवऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही. "दर दसऱ्याला सगल्यांच्या चोरून मी तिला सोना द्यायची. सोना घे आनि गप ऱ्हा, बोलायची. मंग काय करू? डोल्यांनी दिसत नव्हता आनि गाडीवरना उतरत नव्हता. आपरेशन झाला तरी माजा भ्या गेला नाय. मना माजा मानूस जिता पायजे व्हता."

तेजस्वीनं भराभरा पुरचुंड्या उपसल्या, प्लग पुसला आणि किक मारली. दुसऱ्या किकला गाडी अशी काही भडकली की निळ्या धुरात नवी चारचाकी, भंगारवाला आणि अर्धी गल्ली दिसेनाशी झाली. सगळे खोकत होते आणि खोकता खोकता ओरडत होते. तेजस्वी हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं किती आणि कसलं किती कुणास ठाऊक.

धूर विरला तेव्हा राजाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. "रागावलाव का हो?" त्यांनी विचारलं.

कोंडाजी ओट्यावरून उतरत होते. "मना ठाव व्हता," ते म्हणाले.

"कवा?"

"पैल्याच आठवड्यात. उघडला, बघितला, परत लावला."

"तवाच ठाव व्हता?" राजाबाईंचा आवाज चढला. "मी दर वर्साला चोरासारखी थरथरत जातंय, छातीत धडधडतं माज्या, आनि तुमाला ठाव व्हता? मंग काडला का नाय?"

कोंडाजींनी गाडीच्या सीटवरून हात फिरवला. "दसऱ्याचा सोना तू दिलेला," ते म्हणाले. "परत कसा करू?"

राजाबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या. कैलासनं भंगारवाल्याला चहा पाजून रिकामा टेम्पो परत पाठवला आणि आपली नवी गाडी गल्लीत, उन्हात, सदूच्या दाराशी लावून आला.

"आजोबा, चला," तेजस्वी म्हणाली. "तुम्ही मागे बसा आणि मला शिकवा."

सदू आणि सुयोगनं धरून त्यांना बसवलं. त्यांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवले आणि लगेच हुकूम सोडला, "क्लच दाब. हलू सोड. हलू, बोललू ना!" गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. पुन्हा किक, पुन्हा हुकूम. तिसऱ्या खेपेला ती फाटकातून बाहेर पडणार तोच राजाबाई आडव्या आल्या. त्यांनी आपट्याचं एक हिरवं पान तेजस्वीच्या हातात दिलं, दुसरं नवऱ्याच्या खिशात खोचलं. मग वाकून त्यांनी तो रिकामा डबा बंद केला, कुलूप लावलं आणि चावी पुन्हा आपल्या कमरेला अडकवली.