कपाटातली घरघर

मित्रांनो, मी माशांच्या टाकीचा एक जुना पंप आहे. तुम्ही मला बहुधा पाहिले नसेल. लोक टाकी पाहतात, मासे पाहतात, पाण्यातली हिरवी रोपे पाहून वा वा करतात. टाकीखालच्या कपाटाचे दार उघडून मला कोणी पाहत नाही. पाहिलेच, तर समजावे की माझे काहीतरी बिनसले आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. लोहचुंबक, तांब्याची तार आणि प्लॅस्टिकचा छोटा पंखा, एवढाच माझा संसार. तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसत असे. ती प्रत्येक पंप चालू करून तळहातावर धरी आणि फार थरथरणारे बाजूला काढी. मला तिने जरा जास्तच वेळ धरून ठेवले. माझा जीव टांगणीला लागला. मग ती म्हणाली, "जा बाबा, चालशील तू." मी तिचे बोलणे अगदी शब्दशः घेतले. तेव्हापासून मी चालतोच आहे. स्वस्थ बसणे मला ठाऊक नाही. मी पाणी खाली ओढतो, गाळणीतून ढकलतो आणि स्वच्छ करून पुन्हा वर पाठवतो. मी थांबलो की पाणी थांबते, आणि पाणी थांबले की मासे कासावीस होतात.

मला घरी आणले ते घरच्या मुलाने. तो जहाजावर इंजिन सांभाळतो आणि वर्षातला बराच काळ समुद्रावर असतो. जाण्यापूर्वी त्याने बाहेरच्या खोलीत टाकी मांडली, तीत सोनेरी मासे सोडले आणि मला कपाटात बसवले. तो गेल्यावर घरात दोघेच उरले, त्याचे वडील आणि त्याची बायको. वडील शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. सून रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला जाई.

पहिली वर्षे माझ्या कौतुकाची होती. "आत पंप आहे की नाही? आवाजसुद्धा नाही!" असे पाहुणे म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगून जाई. पुढे माझ्या रबरी पायांपैकी एक गळून पडला, उरलेले कडक झाले. पंख्यावर पांढरे क्षार बसले. वर जाणारा ताठ पाइप सरकून मागच्या फळीला टेकला. माझी घरघर सुरू झाली. ती रोज थोडी वाढत होती, पण कोणी काही बोलले नाही. सून दिवसभर यंत्रांच्या आवाजात काम करून येई, तिला माझी सवय झाली होती. आणि मास्तरांचे कान हळूहळू गेले होते.

मुलाचा फोन आला की तो विचारी, "बाबा, गुडघा कसा आहे?" मास्तर सांगत, "हो, इकडेही पाऊस आहे." मग ओशाळून फोन सुनेकडे देत आणि टाकीसमोर जाऊन बसत. "हे बरे. तोंड हलवतात, पण काही विचारत नाहीत," असे ते माशांकडे पाहून म्हणत.

शेवटी सुनेने हट्टाने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही कानांत ऐकू येण्याची छोटी मशिने घालून मास्तर घरी आले, चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि दचकले.

"हा आवाज कसला गं?"

"कुठला, बाबा?"

"हा! घर्रर्र चाललंय ते. कुठे पिठाची गिरणी लागली आहे का?"

सुनेने कान दिला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अहो, तो तर आपला पंप."

"हा इतकी वर्षं असाच बोंबलतोय? आणि तुम्ही सगळे ऐकून घेताय?"

मित्रांनो, मी आधीच कपाटात होतो. आणखी कुठे लपणार?

त्या दिवसापासून घराला चैन नाही. मास्तर मशीन घालत, येरझाऱ्या घालत, वैतागून मशीन काढत. सून काही सांगू लागली की माझी घरघर तिच्या शब्दांवर पसरे. डॉक्टरांनी बजावले होते की सवय होईपर्यंत मशीन काढायचे नाही. पण हळूहळू मशीन डबीतच राहू लागले. सून डबी समोर आणून ठेवी, मास्तर ती मागे सारत. आत मी अधिकच थरथरत असे. थरथरलो की आवाज वाढे, आणि आवाज वाढला की माझी धास्ती वाढे.

एका दुपारी मास्तर घरात एकटे होते. मुलाचा फोन यायचा होता, म्हणून त्यांनी मोठ्या आशेने मशीन घातले. फोन आला. "काय म्हणालास? नीट बोल रे. परत सांग. परत!" असे ते ओरडत राहिले. मग फोन खाली ठेवला, माझ्याकडे आले आणि बटण बंद केले.

मी थांबलो. माझ्या आयुष्यात असे कधी झाले नव्हते. पाणी नळीत होते तिथेच उभे राहिले. मास्तरांचा त्या शांततेत डोळा लागला. वर मात्र एकेक मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड वासू लागला. मला ते कळत होते आणि मला काही करता येत नव्हते.

सून संध्याकाळी आली ती थेट टाकीकडे धावली.

"बाबा, पंप तुम्ही बंद केलात?"

"केला. डोक्यात भुंगा शिरल्यासारखं होतं मला."

"मासे मेले असते!"

"आणि माझं काय? मुलाचं एक वाक्य धड कानावर पडत नाही. त्याच्या माशांचा पंप मात्र ठणठणीत ऐकू येतो!" मास्तरांचा आवाज चिरकला.

सून कपाटाशी वाकली. तिने मला चालू केले. मासे हळूहळू खाली गेले. मग ती म्हणाली, "उद्या नवा पंप बघते. याला आता घरघर लागलीच आहे." माझे धाबे दणाणले.

नवा येईपर्यंत आवाज दाबावा म्हणून तिने मला एका जुन्या गोधडीत गुंडाळले. आवाज दबला, पण माझा श्वास कोंडला. मी बाहेरच्या हवेने थंड राहणारा पंप. गोधडीत मी असा तापलो की थोड्याच वेळात मास्तर नाक वर करून म्हणाले, "सूनबाई, काहीतरी करपतंय."

तिने घाईने बटण बंद केले, गोधडी ओढून काढली आणि मला निवू दिले. मी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी तिने मला नळ्यांसकट हातात उचलले आणि बटण दाबले.

"गेला का बिचारा?" मास्तरांनी विचारले.

"नाही हो, चालू आहे. हे बघा, हातात थरथरतोय."

"मग आवाज कुठे आहे?"

सुनेने मला कपाटात ठेवले. घर्रर्र! उचलले. चूप. पुन्हा ठेवले. घर्रर्र! दोघे एकमेकांकडे पाहत राहिले.

"अगं, बोंबलतंय ते कपाट!" मास्तर उठून उभे राहिले. "धक्का याचा आणि आवाज फळ्यांचा. भूकंपाची लाट जमिनीतून कशी पसरते, हे मी आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवलं. आणि माझ्याच घरात मला समजू नये?"

सुट्टीच्या दिवशी दोघे कामाला लागले. सुनेने माझा पंखा काढून जुन्या टूथब्रशने क्षार घासले. माझ्याखाली जाड, मऊ स्पंजची गादी घातली. पहिला स्पंज माझ्या वजनाने पार चपटा झाला, म्हणून दुसरा, जास्त घट्ट स्पंज आणला. ताठ पाइप काढून लवचीक नळी बसवली. नळी फळीतल्या भोकातून जाते तिथे स्पंजची गुंडाळी भरली. मास्तर कानांत मशीन घालून खुर्चीत बसले होते.

"आता?"

"कमी आहे."

"आता?"

"वाढला! नळी मागे टेकली बघ."

तिने नळी सोडवली. वर पाणी धबधब पडत होते, म्हणून नळीचे तोंड पाण्याखाली बुडवले. तरीही माझ्या पोटात गुडगुड चालूच होती, कारण हवा अडकली होती. तिने मला अलगद तिरके केले आणि मी एक दणदणीत ढेकर दिला.

"हे मी ऐकलं!" मास्तर हसत सुटले. सूनही हसली. त्या घरात दोघांना एकदम हसताना मी प्रथमच ऐकत होतो. नव्या पंपाचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

पुढच्या फोनवर मास्तर मुलाला म्हणाले, "एवढा ओरडतोस कशाला? ऐकू येतंय मला." मुलाने हळू आवाजात पुन्हा गुडघ्याचे विचारले. मग दोघे त्याबद्दल खूप वेळ बोलले.

त्यानंतरची एक दुपार मी विसरणार नाही. मास्तर पेपर वाचत होते. एकाएकी त्यांनी मान वर केली, कपाळाला आठ्या घातल्या आणि येऊन कपाटाचे दार उघडले. माझ्यावर हात ठेवला. मी शांत होतो. दार लावून ते त्या आवाजाच्या मागावर आतल्या खोलीकडे गेले. तिथे सून कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि गुणगुणत होती.

ती त्यांना पाहून गप्प झाली.

"सूनबाई, तू गातेस?"

"छे हो, गाणं कसलं. कामात सवय आहे आपली."

"कधीपासून?"

"आल्यापासूनच, बाबा."

मास्तर दारात उभे राहिले. मग चौकटीला टेकून ते म्हणाले, "मग थांबलीस का? म्हण ना पुढचं."

थोड्या वेळाने तिने पुन्हा सूर धरला. आधी लाजत, मग मोकळेपणाने. मीही ऐकत होतो. इतकी वर्षे तो आवाज त्या घरात होता आणि तो कोणापर्यंतच पोचला नव्हता.

मित्रांनो, माझी थरथर गेलेली नाही. ती जाणारही नाही. फक्त आता ती माझ्यापाशीच राहते. घरातले एखादे यंत्र कुरकुरू लागले, किंवा एखादे माणूस, तर त्याला लगेच बंद करू नका आणि गोधडीत कोंबूही नका. आधी हात लावून पाहा. ते कशावर उभे आहे, कुठे टेकले आहे, कुठे अडले आहे, ते शोधा. वेळच्या वेळी त्याचा मळ काढा.

आता तुम्ही निघा. मला बसायला वेळ नाही. वर मासे वाट पाहत आहेत.