उन्हातल्या खुर्चीचा नंबर

थंडीच्या दिवसांत आमच्या घरात ऊन यायचं सकाळी पावणेदहाला आणि जायचं सव्वाअकराला. दीड तास, बस्स. बाकी दिवसभर चौथ्या मजल्यावरची ही खोली इतकी गार, की कात्री हातात घ्यायच्या आधी तिच्यावर दोनदा फुंकर घालावी लागते. पण तो दीड तास! खिडकीतून थेट खोलीच्या मधोमध पिवळंधमक ऊन. काळ्या कोटावर काळ्या दोऱ्याचं काम मी तेवढ्या वेळात उरकून घ्यायचे. एरवी दोरा कुठे आणि कोट कुठे, देव जाणे.

मी कपडे दुरुस्त करते. हिवाळा हा माझा हंगाम. थंडी पडली रे पडली, की दुसऱ्या दिवशी अख्ख्या शहराच्या जाकिटांच्या चेन तुटतात. आदल्या आठवड्यात कपाट उघडून बघायची बुद्धी एकालाही होत नाही. मग धापा टाकत चार जिने चढून यायचं आणि म्हणायचं, "ताई, आजच्या आज पाहिजे." आजच्या आज कसं पाहिजे? मी काय जादूगार आहे? मी गोड बोलणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण मी बसवलेली चेन जाकीट फाटलं तरी निघत नाही.

घरात मी आणि माझ्या सासूबाई. आईंचं वय ब्याऐंशी. ऐकू जरा कमी येतं, म्हणजे त्यांना नको असेल ते येत नाही. कपडे उसवायचं काम त्यांच्याकडे. मशीनच्या मागच्या कोपऱ्यात त्यांची खाट, पायांत दोन-दोन मोजे, मोज्यांवर गरम पाण्याची पिशवी आणि मांडीवर कुणाच्या तरी कोटाचं अस्तर. न बघता नुसत्या बोटांनी टाका शोधतात आणि टचकन तोडतात.

चार हिवाळ्यांपूर्वी सलूनवाला चेन बदलायला आला होता. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान. चेन होईपर्यंत खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "वा ताई, काय ऊन आहे तुमच्याकडे!" पुढच्या सोमवारी परत आला. सोमवारी सलून बंद. या वेळी दुरुस्तीला काहीच नव्हतं. त्याच्या पुढच्या सोमवारी सिस्टरला घेऊन आला. सिस्टर म्हणजे तीस वर्षं नर्स होती ती, आता निवृत्त, पण आवाज अजून वॉर्डातलाच. मग पोहण्याचे मास्तर यायला लागले. सोमवारी त्यांचा तलाव धुतात. हा माणूस दुसऱ्यांना पाण्यात ढकलून जगतो आणि स्वतः दोन स्वेटर, मफलर, कानटोपी घालून हिंडतो.

अशी आमची सोमवारची बैठक. किटलीभर चहा, टोस्ट आणि जगातल्या यच्चयावत माणसांची निंदा. त्याआधी या घरात सोमवार-मंगळवार सगळे सारखेच होते. मशीनचा खडखडाट आणि आईंचा खोकला, दुसरा आवाज नव्हता. म्हणून खरं सांगते, त्या उन्हाला मी जपायचे. उन्हात एकच खुर्ची मावायची. भांडणं नकोत म्हणून मी नंबर लावले होते. कॅलेंडरच्या मागे कागद चिकटवलेला, सोमवार आणि पुढे नाव. नंबर म्हणजे नंबर. एकदा मास्तर म्हणाले, "ताई, माझा नंबर सिस्टरना द्या, मी आपला दाराजवळ बसतो." मी म्हटलं, "मास्तर, एवढं सज्जन असू नये माणसानं. बसा गुपचूप उन्हात." बसले बिचारे. किती भिडस्त माणूस, असं मला वाटलं.

आणि गेल्या वर्षी समोर इमारत उगवायला लागली.

आधी खड्डा खणला, तेव्हा आम्ही हसलो. पहिला मजला झाला, दुसरा झाला, तरी मला काही वाटलं नाही. चौथा झाला तशी माझी झोप उडाली. रोज सकाळी दात घासत खिडकीत उभी राहून मजले मोजायचे. सलूनवाला म्हणायचा, "ताई, तुम्ही अशा बघता की ते मुकादम घाबरून काम सोडून जातील." कसले घाबरतात! या थंडीच्या तोंडावर आठवा मजला झाला. बिनकाचांची काळी भोकं, मग निळा कागद चिकटवलेल्या काचा.

ऊन आधी पाऊण तासावर आलं. मग वीस मिनिटांवर. मग खुर्चीच्या एका पायावर पट्टीएवढं पडायला लागलं, आणि एका सोमवारी तेवढंही नाही.

त्या दिवशी नंबर सलूनवाल्याचा होता. त्या गारठ्यात तो आपल्या नंबरच्या खुर्चीत बसला आणि मलाच लाज वाटली. जेवायला बोलवावं आणि रिकामं ताट पुढे ठेवावं, तसं झालं. मी शेजारून हीटर आणला. तो लावल्याबरोबर फट् आवाज झाला आणि अख्ख्या मजल्याचे दिवे गेले. शेजारीण दार उघडून जे बोलली, ते मी इथे सांगत नाही.

त्या आठवड्यात मी पुष्कळ विचार केला. ही तीन माणसं चार जिने चढून येतात. सिस्टरचे गुडघे दुखतात. मास्तर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. ती यायची उन्हासाठी. आता ऊन नाही, तर एक सोमवार भिडेखातर येतील, दोन येतील. मग एकाला सर्दी होईल, दुसऱ्याकडे पाहुणे येतील. मला ते एकेक करून गळणं बघायचं नव्हतं. त्यापेक्षा आपणच दार लावलेलं बरं. मी तिघांना निरोप पाठवला: "माझ्याकडे काम फार आहे. सोमवारी सकाळी जमायचं बंद. कुणी येऊ नये."

काम फार आहे, हे धडधडीत खोटं होतं.

"कुणाला विचारून बंद केलंस?" आईंनी विचारलं. बघा, हे बरोबर ऐकू आलं.

"मला विचारून," मी म्हटलं.

सोमवार उजाडला. बाहेर धुकं असं, की समोरची इमारतही दिसेना, तेवढंच बरं वाटलं. मी खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावल्या. दोन कप चहा टाकला. कामाला बसले, पण दहाच्या सुमाराला कान आपले जिन्याकडे. पाऊल वाजलं की हात थांबायचा. एकदा पेपरवाला, एकदा खालच्या मजल्यावरची मुलगी. बारा वाजले, तरी कुणी आलं नाही. येऊ नका म्हटल्यावर आले नाहीत, यात त्यांचं काय चुकलं? तरी मला राग आला. इतका राग, की एका साहेबांच्या कोटाचं फाटलेलं अस्तर शिवता शिवता मी त्याचा खिसाच शिवून टाकला. असं माझ्या हातून वीस वर्षांत झालं नव्हतं.

आईंनी कोट हातात घेतला, बोटं फिरवली आणि उसवायला लागल्या. मला भडभडून आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेले कप पुन्हा धुतले.

तीन वाजता जिन्यात आरडाओरडा ऐकू आला.

"या बाईला तळमजल्यावर घर घ्यायला काय धाड भरली होती?" सिस्टरचा आवाज. "मास्तर, ढकला मला! पाण्यात ढकलता तसं!"

मी दार उघडलं. तिघंही उभे. सिस्टर कठड्याला टेकलेली, मास्तरांच्या हातात टोस्टचा पुडा, सलूनवाला नाक लाल करून हसतोय.

"मी येऊ नका म्हटलं होतं ना?" मी दारातच विचारलं.

"सकाळी येऊ नका म्हणालीस," सिस्टर म्हणाली. "आता दुपार आहे. सरक बाजूला, पाय मोडलेत माझे."

अशा वेळी मला नीट बोलता येत नाही, भांडताच येतं. "पण इथे आता आहे काय?" मी म्हटलं. "ऊन गेलं ना! कशाला आलात थंडीत कुडकुडायला?"

सलूनवाल्यानं रचलेल्यातली एक खुर्ची काढली, बरोबर खिडकीसमोर, जुन्या जागी ठेवली आणि पाय पसरून बसला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"ताई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"रागावणार. सांग."

"चार वर्षांनी आत्ता कुठे मला या खुर्चीतून तुमचं तोंड दिसायला लागलंय."

मला काही कळेना. सिस्टर फसकन हसली. तिनं पर्समध्ये हात घातला आणि काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा माझ्या नंबरच्या दिवशी आणायचे. मग हिंमत व्हायची नाही घालायची. नुसते डोळे मिटून बसायचे, आणि तू म्हणायचीस, सिस्टर बघा कशी उन्हाचं सुख घेते."

"माझी मान भाजायची," मास्तर हळूच म्हणाले. "दोन स्वेटरांत. मी म्हटलंही होतं, दाराजवळ बसतो म्हणून."

"म्हणजे तुम्हाला ते ऊन नको होतं?" मी ओरडलेच. "अरे, मग तू पहिल्या दिवशी वा वा कशाला केलंस?"

"तुम्ही त्या चेनवर इतक्या चिडलेल्या होतात," सलूनवाला म्हणाला, "म्हटलं काहीतरी गोड बोलावं, नाहीतर आपल्यालाच टोचायची ही बाई."

"मग यायचात कशाला?"

"आता हे काय विचारणं झालं?" तो म्हणाला. "आठवडाभर मी लोकांच्या मुंडक्यांशी बोलतो. वस्तरा मानेवर असला की सगळे हो-हो म्हणतात. मला 'गप्प बस रे बाष्कळा' म्हणणारं या शहरात एकच घर आहे. सोमवारी ते ऐकलं नाही, तर मंगळवारी हात थरथरतो माझा."

"मी तीस वर्षं सगळ्यांना ओरडले," सिस्टर म्हणाली. "मला ओरडणारी तू एकटी. एवढ्यासाठी चार काय, सहा जिने चढेन. नको, सहा नको."

मास्तरांनी टोस्टचा पुडा फोडून ताटलीत मांडला, स्वतःच्या घरात मांडावा तसा.

मी रडले. लपवत नाही, चांगली पदर भिजेपर्यंत रडले आणि वर त्यांनाच चार शिव्या दिल्या. चार वर्षं तिघांना उन्हात भाजलं मी, आणि ते भाजून घेत राहिले. ही मैत्री म्हणायची की गाढवपणा?

"झालं तुमचं?" कोपऱ्यातून आवाज आला.

आईंनी उसवलेला कोट बाजूला ठेवला होता. "मला हवं होतं ते ऊन."

आम्ही चौघंही तिकडे वळलो.

"माझे पाय चार वर्षं बर्फ झालेत. रोज बघत होते. सहा दिवस तुझे काळे कोट, सोमवारी यांचे नंबर, त्यांचे नंबर. कागदावर सगळी दुनिया. सून माझी, खुर्ची माझ्या घरातली, आणि माझा नंबर एकदाही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!"

"आई, मग बोलायचं नाही का?"

"पाहुण्यांच्या तोंडचा घास काढू? मला वाटलं, त्यांना फार आवडतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवीत पाणी भरलं, मोजे घातले, पांघरूण दिलं, सगळं केलं मी. दीड तास तेवढा द्यायचा राहिला, आणि आता द्यायला तो उरला नव्हता.

तेवढ्यात सलूनवाला किंचाळला. "अरे देवा! परत आलं!"

त्यानं दोन्ही हातांनी डोळे झाकले होते. त्याच्या तोंडावर, छातीवर, खुर्चीच्या पाठीवर लख्ख ऊन. दुपारी साडेतीनला, आमच्या खिडकीतून! मी धावत गेले. धुकं कधीच विरलं होतं. समोरच्या आठव्या मजल्याच्या काचा नुसत्या पेटल्या होत्या. परवाच दोन माणसं पाळण्यात लोंबकळत त्यांच्यावरचे निळे कागद सोलत होती, आणि मी त्यांनाही खिडकीतून शिव्या घातल्या होत्या. आमच्या घरामागे उतरणारं ऊन त्या काचा वरच्यावर झेलून सरळ आमच्या खोलीत टाकत होत्या.

"ऊठ!" मी सलूनवाल्याला म्हटलं.

"उठतोय की, दिसू तर द्या!"

सिस्टर आणि मास्तरांनी दोन्ही बाजूंनी धरून आईंना खाटेवरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. मी पिशवी काढली, वरचे मोजे काढले, आतले काढले. त्या पांढऱ्या, सुरकुतलेल्या पावलांवर ऊन पडलं. आईंनी बोटं ताणली, मिटली, पुन्हा ताणली. सिस्टरनं तिचा काळा चष्मा उचलून त्यांच्या डोळ्यांवर चढवला. आई त्यात अशा काही ऐटबाज दिसायला लागल्या, की मास्तरांना हसता हसता ठसका लागला.

"सूनबाई," आई म्हणाल्या, "तो कागद आण. नंबर लिही."

मी कॅलेंडरमागचा कागद काढला, पेन्सिल घेतली. "सांगा."

"हा सोमवार मी. पुढचा मी. त्याच्या पुढचा पण मीच."

"आणि मंगळवारी?" सलूनवाल्यानं दाराजवळच्या सावलीतून विचारलं.

"मंगळवारी कोण येतंय तुमच्यातलं? रोज मीच," आई म्हणाल्या. "तुम्ही सोमवारी या. दुपारी. आणि ही ओरडली तर ओरडू द्या."

मी सगळ्या सोमवारांपुढे 'आई' लिहिलं आणि चहा टाकायला गेले. परत आले तर त्या चष्म्याआड झोपल्या होत्या, आणि ऊन त्यांच्या पावलांवरून थोडं सरकलं होतं. मी किटली खाली ठेवली. चौघांनी खुर्चीचा एकेक पाय धरला, आईंसकट अलगद उचलली आणि वीतभर पुढे उन्हात ठेवली.