हसण्याची जागा

बारीकने गाणं थांबवलं, दोन ओळी मागे घेतलं आणि आवाज पार वर नेला.

"आता ऐका, दादा. इथे."

मोठ्या स्पीकरमधून बासरी आली, मग ठेका थांबला, आणि त्या मोकळ्या जागेत एक बाई हसली. आधी दाबून, मग आवरेना म्हणून मोकळं, आणि शेवटी एक छोटा श्वास. त्या हसण्यामागे पाणी पडत होतं. फोनवर ते आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इथे मात्र धबधब्याखाली बसल्यासारखं वाटत होतं.

"नळ," संगीतकार म्हणाला.

"नळच. थिएटरात लोक वर बघतील, छत गळतंय का म्हणून."

बारीक म्हणजे रेकॉर्डिस्ट. तो इतका जाड की दारातून आडवा होऊन आत शिरायचा, म्हणून चेष्टेने त्याचं नाव बारीक. त्याच्या बोलण्यावर एरवी सगळे हसायचे, पण आज कुणी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. मागच्या सोफ्यावर दिग्दर्शिका बसली होती आणि तिचा चहा केव्हाच गार झाला होता. सिनेमा शुक्रवारी लागायचा होता. हिंदी सिनेमा, खोटं खोटं लग्न करणाऱ्या दोघांचा. नायिका अर्धा सिनेमा हसत नाही, आणि याच गाण्यात नायकाच्या एका फालतू विनोदावर पहिल्यांदा हसते. गाणं आधीच बाहेर येऊन सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. मुखडा कुणाला धड आठवत नसे, पण 'ते हसण्याचं गाणं' म्हटलं की पुरे. पोरांनी फोनच्या रिंगला तेवढं हसणंच लावलं होतं.

"हिरॉइनला हसायला लावून बघितलं आपण," दिग्दर्शिका म्हणाली. "फोटो काढताना हसतात तशी हसते. लोक लगेच ओळखतील. वहिनीच हव्यात."

वहिनी म्हणजे संगीतकाराची बायको; गाण्यातलं हसणं तिचंच. ती दोन महिने झाले बहिणीकडे राहत होती, हे दिग्दर्शिकेला माहीत नव्हतं. बारीकला माहीत होतं. तो उगाचच टेबलावरचं पेन शोधायला लागला.

संगीतकाराने सकाळी फोन केला तेव्हा ती "येते" म्हणाली होती. गाडी पाठवतो म्हटल्यावर "टॅक्सी आहेत की" म्हणाली होती. पण 'येते' म्हणाली होती, आणि तो सकाळपासून तो एकच शब्द घोळवत होता. इतकी वर्षं घासल्यावर त्याचं एक गाणं चाललं होतं. त्या गाण्यावर नवी गाडी आली होती, आणि त्या गाडीत ती अजून बसली नव्हती. त्याने मनाशी सगळं ठरवलं होतं. ती येईल, तो तोच विनोद सांगेल, ती हसेल. हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. मग तो म्हणेल, चल घरी.

विनोद जुना होता. त्याचे गाण्याचे मास्तर डोळे मिटून गायला बसतात, टकलावर माशी बसते, आणि ती बरोबर समेवर उडते. प्रत्येक मुलाखतीत तो हे सांगत आला होता: बायको भांडी घासत होती, मी डाव माईकसारखा धरून मास्तरांची नक्कल केली, ती खळखळून हसली आणि मी ते फोनवर पकडलं. मुलाखत घेणारेही हसायचे.

ती आली. साधे कपडे, खांद्याला पर्स. तिने आधी रेकॉर्डिस्टकडे पाहिलं.

"काय बारीक, वाळलास की."

"काय करणार वहिनी, तुमच्या हातचं बंद झालं," बारीक बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

"कुठे बसायचं?" तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने काचेपलीकडची खोली दाखवली. ती आत गेली, हेडफोन लावले, पर्स मांडीवर घेऊन बसली. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तशी. त्याने बोलायचं बटण दाबलं.

"ऐकू येतंय?"

तिने मान हलवली.

"घाई नाही. हवा तेवढा वेळ घे. आठवतंय ना, मास्तर डोळे मिटून बसलेत, आणि ती माशी—"

"विनोद नको," ती म्हणाली. "लाल दिवा लागला की हसायचं ना?"

बटणावरचं त्याचं बोट तसंच राहिलं. दिग्दर्शिका सोफ्याच्या कडेला सरकली. बारीकने एकदा त्याच्याकडे, एकदा काचेकडे पाहिलं आणि गाणं सुरू केलं.

बासरी आली. संगीतकाराने नजर खाली घातली. तिला जमणार नाही, हे त्याला आता अगदी स्पष्ट दिसत होतं. मनात काही नसताना माणूस हसणार कसा? त्याने तिला इथे बोलवायलाच नको होतं. सिनेमा गेला, गाणं गेलं आणि तीही गेली. ठेका थांबला.

ती हसली.

आधी दाबून, मग आवरेना म्हणून मोकळं, आणि शेवटी एक छोटा श्वास.

"आई शप्पथ," बारीक हळूच म्हणाला. त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर जुन्या हसण्याची रेघ वर आणि नव्याची खाली लावली. दोन्हीकडे तेच उंचवटे, त्याच फटी. "दादा, एका साच्यातून काढल्यासारखं आहे. वहिनी, हाताशी असावं म्हणून अजून एक देता?"

तिने अजून एक दिलं. तेही तसंच. श्वाससुद्धा त्याच जागी. दिग्दर्शिकेने डोळे मिटून मान मागे टाकली.

संगीतकार मात्र उठला नाही. काचेपलीकडे तिने हेडफोन काढले, दोन्ही तळहात गालांवर ठेवले आणि कानांखाली गोल गोल चोळले. हे त्याने पूर्वी पाहिलं होतं. पाहुणे गेले, दार लागलं, की ओट्यापाशी उभी राहून ती असंच करायची. त्याच्या कार्यक्रमांनंतर घरी येतानाही. दाढ दुखतेय का, असं त्याने एकदा विचारलं होतं, आणि दाखवून घे म्हणून बजावलंही होतं.

तो आत गेला. जाड दार मागे लागलं. बारीकने कुणी न सांगता आतला माईक बंद केला.

"छान झालं," तो म्हणाला.

"झालं ना? मग निघते."

"त्या दिवशीही... असंच होतं?"

ती हेडफोनची वायर गुंडाळत होती. "कुठल्या दिवशी?"

"नळ चालू होता त्या दिवशी. माशीचा विनोद."

"चांगला आहे तो. पहिल्यांदा सांगितलास तेव्हा मला ठसका लागला होता."

"कधी?"

"लग्नाआधी."

तो स्टुलावर बसला. "मग पुरे म्हणायचंस ना."

"म्हटलं होतं एकदा. आठवडाभर तोंड शिवून बसलास. एरवी तुला पाण्याचा पेला जागेवर लागतो, त्या आठवड्यात स्वतः उठून घेत होतास. तेव्हाच ठरवलं, त्यापेक्षा हसलेलं परवडलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला भांडता तरी आलं असतं. जिभेवर काहीतरी गमतीचं आलं, ते त्याने गिळलं. मग ती जुनी गप्प बसायची इच्छा घशापर्यंत चढली. तीही त्याने कशीबशी मागे लोटली.

"मला फार वाईट वाटतंय," तो म्हणाला.

"वाटू दे," ती म्हणाली.

मग त्याने विचारलं, "सोडू का तुला? बहिणीकडे." घरी म्हणायचं धाडस त्याला झालं नाही.

तिने वायर खुंटीला अडकवली. "सोड. पण गाडीत ते गाणं लावू नको."

गाडीच्या सीटवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. ती बसली तेव्हा ते करकरलं. ऊन कडक होतं. दोघं गप्प होते. पण आपण नुसते गप्प आहोत, रुसलेलो नाही, हे कसं दाखवायचं ते त्याला कळेना. म्हणून तो मधूनच "गर्दी आहे" म्हणायचा आणि ती "हो" म्हणायची.

पुढे वळायचं होतं. त्याने इंडिकेटर द्यायला दांडी ओढली. जुन्या गाडीत इंडिकेटरची दांडी त्या बाजूला होती, या गाडीत मात्र वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर ते कर्रकर्र करत फिरायला लागले. बंद करायला गेला तर आणखी जोरात फिरले, वर फेसाचं पाणी उडालं, आणि मागच्याने हॉर्न मारला.

"नवीन आहे," तो पुटपुटला.

शेजारून आवाज आला. नाकातून, खर्रकन, मध्येच तुटलेला, त्याला सूर नाही की ताल नाही.

"सर्दी झालीय का?" त्याने विचारलं.

तिने मान हलवून नाही म्हटलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचा हात गालावर नव्हता, तोंडावर होता. खांदे हलत होते.

वायपर थांबले. बहिणीची गल्ली अजून एका वळणावर होती. त्याचा हात पुन्हा वायपरच्या त्याच दांडीकडे गेला आणि क्षणभर तिथेच राहिला. मग त्याने तो काढून घेतला, दुसऱ्या बाजूची दांडी खाली केली आणि गाडी हळू वळवली.