जागृतीने न दिलेलं औषध

मी एक चिमूटभर पांढरी भुकटी बोलतेय. पनवेलजवळच्या एका प्रयोगशाळेत, फ्रीझरमधल्या बाटलीत माझा मुक्काम आहे. पण स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. ज्या कामासाठी जन्मले, ते काम समोर होतं आणि मला अडवलं गेलं.

जागृतीने मला आधी संगणकावर रेखाटलं, मग काचेच्या चंबूत घडवलं. ती उरणकडची, मिठागरवाल्यांची मुलगी. शरीरातल्या पेशीला वेळ आली की आपलं आपण संपायचं ठाऊक असतं. कॅन्सरची पेशी मात्र मरायचं नाकारते. तिच्यात एक राखणदार प्रथिन असतं, ते मरणाचा हुकूम अडवून धरतं. त्या राखणदाराच्या खाचेत मी जाऊन बसायचं, म्हणजे हुकूम सुटतो. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात.

पहिल्यांदा मला पेशींवर सोडलं, तेव्हा जागृती सूक्ष्मदर्शकावरून हलेना.

"रुचिका, इकडे ये! फुटताहेत बघ!" तिने सहकारिणीला हाक मारली. त्या दिवशी दोघींचे डबे तसेच राहिले. मला वाटलं, आता थेट माणसाकडे!

आजारी माणूस तर तिच्या घरातच होतं. तिची आई ठमीबाई. रक्ताचा कॅन्सर, उपचारांनंतर पुन्हा उलटलेला.

मग उंदरांवर माझी चाचणी झाली. कॅन्सर हटला, पण त्यांच्या प्लेटलेट्स भराभर घसरल्या, नाकातून रक्त आलं. रक्त गोठवणारे ते कणही तशाच एका राखणदाराच्या जिवावर तगतात. मला दोन राखणदारांतला फरकच कळत नव्हता.

एका दुपारी जागृतीचा भाऊ काळूराम आला. न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवणारा गडी. जागृती मला तोलत होती.

"हेच ना ते? दे मग आयला."

"दादा, हे माणसाला द्यायचं नाही अजून."

"आय तिकडं झिजते नि तू उंदरांच्या गोष्टी सांगतेस? तुझी कोन हाय का न्हाय ती?"

"तिच्या प्लेटलेट्स आधीच कमी आहेत. हे पोटात गेलं तर रक्त थांबणार नाही. माझ्या हातानं मारू तिला?"

काळूरामने बाटली उचलली आणि खिशात टाकली. त्याचं काळीज माझ्या काचेवर धडधडत होतं. पळ, मी आतून म्हणत होते, पळ रे!

जागृती आडवी गेली नाही. "ने. पण आईला सगळं सांग. तिला विचारून दे."

त्याने तिथूनच आईला फोन लावला. अडखळत सगळं सांगितलं.

"जागृती काय बोलते?" ठमीबाईंचा आवाज खोल गेला होता.

"नको बोलते."

"मंग नको, बाला. तिचं तिला दे. येताना मासळीबाजारात जिताडा मिळला तर बघ, तोंडाला चव न्हाय."

काळूरामने मला टेबलावर ठेवलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. ठमीबाई गेल्या. कार्य उरकून जागृती परतली. तिने माझं एक टोक तोडून नवं जोडलं. माझी धाकटी बहीण जन्मली. ती नेमका एकच राखणदार ओळखते, प्लेटलेट्सना शिवत नाही. निदान उंदरांत तरी. काळूराम कधी बहिणीला न्यायला येतो, विचारतो, "झालं का गं?" ती म्हणते, "नाही रे अजून."

एकदा त्याने वेगळंच विचारलं, "दिलं असतं तर?" जागृतीने धाकटीची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली आणि दार लावलं.

एवढंच सांगते. तुमच्या घरी कुणी असं आजारी असेल आणि माझ्यासारख्या अर्धवट तपासलेल्या औषधाची बाटली हाती आली, तर माझं ऐकू नका. मी आपली म्हणतच राहीन, ने मला, ने.