डब्यात भरलेला नकाशा

मी एक जुना, रिकामा तक्ता आहे. मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मला राग येतो.

पाचोऱ्यातल्या एका केळी वाहतूक सोसायटीच्या संगणकात मी राहतो. शेजारचे तक्ते आडत्यासारखे ढेरपोटे. कुणाच्या पोटात सभासद, कुणाच्या ट्रक. माझ्यात एक ओळही नाही. मी खिडकी आहे. जिल्ह्याचा नकाशा दूरच्या दुसऱ्याच संगणकावर असतो. त्यातले रस्ते, नाले, पूल मी इथे बसून बघतो आणि विचारील त्याला त्या घडीचं खरं सांगतो.

मला घडवलं सोसायटीच्या संगणकवाल्या प्रेमराजभाऊंनी. तेव्हा कौतुक काय विचारता! पहिल्याच दिवशी त्यांनी अक्षांश-रेखांश उलटे जोडले आणि जामनेरची एक बाग उचलून थेट उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात नेली. तिथे एक पांढरं अस्वल आमची केळी सोलून खात होतं. मी स्वतः पाहिलं. खोटं वाटतं? वाटू द्या, तुम्हाला कुठे खिडकी आहे!

पुढे भाऊंना माझा कंटाळा आला. "हा दर वेळी परगावी चौकशीला जातो आणि तिकडेच बसतो," म्हणाले. त्यांच्या घरी उन्हाळ्यात वर्षभराचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करून डबे भरतात. त्यांनी नकाशाही तसाच भरला. एकदाच सगळा उतरवून एका नव्या तक्त्यात ठेवला आणि ट्रकचे रस्ते त्यालाच विचारू लागले. तो पटकन बोलतो ना! अहो, बिबडे डब्यात टिकतात. नाला टिकतो का?

पावसाळ्यात नाल्यावरचा पूल वाहून गेला. नकाशावाल्यांनी तिकडे लगेच खूण केली. मला ती लख्ख दिसत होती, पण मला विचारतो कोण? नव्या तक्त्याने खुशाल सांगितलं, रस्ता चालू आहे.

पुलापलीकडे धुरपदाबाईंची बाग. पाऊस उघडून ऊन पडलं होतं. ट्रक निघाल्याचा निरोप मिळाला तशी त्यांनी वर्षाची केळी कापायला लावली. ट्रक नाल्याशी अडकला आणि भाऊंचा फोन वाजला.

"भाऊ, ट्रक कोठे शे?"

"येतोय अक्का. नकाशात रस्ता सरळ आहे."

"नकाशामा पूल शे, गावमा नही! बठ्ठा घड उन्हमा पडेल शेतस. तुना नकाशा यी का उचलाले?"

तेव्हा कुठे भाऊंनी घाम पुसत मला विचारलं. मी लांबची वाट दाखवली. ट्रक पोहोचला, पण तोवर निम्मे घड काळवंडले होते. व्यापाऱ्याने त्यांना हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई ऑफिसात आल्या आणि काळ्या केळ्यांची एक फणी त्यांनी कीबोर्डवरच ठेवली. "ले भाऊ, खा. तुना नकाशानं फळ शे." सगळे बघत होते. भाऊंनी खाल्ली. सालीसकट, मित्रांनो!

आता ट्रक सोडण्याआधी ते मला विचारतात. मी मात्र काही विसरलेलो नाही. मला तुमची दया नको, आरती नको. दुसऱ्याच्या घरची खबर हवी असेल तर त्या घरी विचारा; उतरवून ठेवलीच, तर रोज ताजी करा. आळस केलात तर खुशाल करा. पूल पडेल, मला दिसेल, आणि विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.